सापोरोला जायचं, पण कसं?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे. माझं वय ६१, यजमानांचं ६६. मुलगा नोकरीनिमित्त टोकियोत असतो. येत्या फेब्रुवारीत आम्हाला होक्काइदो दाखवायचं त्याने मनावर घेतलंय. सात दिवसांत सापोरोचा हिमोत्सव, ओतारू, हाकोदाते, फुरानो आणि अबाशिरीला समुद्रावर तरंगणारा बर्फ, असा त्याचा बेत आहे. गाडी भाड्याने घेऊन तो स्वतः चालवणार म्हणतो. माझे गुडघे दुखतात, पडायची भीती वाटते. आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. साडीशिवाय मला दुसऱ्या कशाची सवय नाही. यजमान म्हणतात, बर्फच बघायचा तर काश्मीर काय वाईट? मुलाला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायचा धीर होत नाही. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

जा. मनात किंतु न ठेवता जा. फक्त मुलाच्या बेतातला निम्मा भाग काढून टाकायला लावा, आणि ते त्याला तुम्ही स्वतः सांगा. आईवडील येणार म्हटल्यावर मुलांना सगळंच दाखवावंसं वाटतं. नकाशावर होक्काइदो एक बेट दिसतं, म्हणून ते आठवड्यात उरकेल असा समज होतो. प्रत्यक्षात ते आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढं आहे, आणि हिवाळ्यात तिथलं प्रत्येक अंतर वाढतं.

आधी यजमानांचं बघू, कारण त्यांचा प्रश्न रास्त आहे. काश्मीरचा बर्फ सुंदरच. पण गुलमर्गला आपण डोंगरावरचा बर्फ बघायला जातो. सापोरो हे भुयारी रेल्वे, विद्यापीठ, बाजारपेठा असलेलं वीस लाखांच्या घरातल्या वस्तीचं शहर आहे, आणि एका हिवाळ्यात त्याच्यावर एकूण सुमारे ५ मीटर बर्फ पडतो. एवढ्या मोठ्या शहरावर इतका बर्फ पडल्याची उदाहरणं जगात फार थोडी. सैबेरियातून सुटलेला कोरडा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना तिथल्या त्या मानाने कोमट पाण्याची वाफ उचलतो, आणि होक्काइदोच्या किनाऱ्याला, डोंगरांना येऊन भिडला की ती सगळी बर्फ होऊन खाली येते. जूनमध्ये अरबी समुद्रावरचे ढग गगनबावड्याला कसे कोसळतात हे तुम्हाला सांगायला नको. तसंच ते, फक्त पाण्याऐवजी बर्फ.

आणि तरीही शहर थांबत नाही. मला सापोरोचं सगळ्यात मोठं आकर्षण वाटतं ते हेच. बर्फाच्या मूर्ती बघाच, पण त्याआधी रस्त्यावर उभं राहून शहराकडे बघा. तिथले सिग्नलचे दिवे बहुतेक ठिकाणी जपानात इतरत्र दिसतात तसे आडवे नसून उभे असतात, कारण आडव्या पेटीवर बर्फाचा थर साचतो आणि तिच्यावर भार येतो. गावाबाहेरच्या रस्त्यांवर खांबांना लाल-पांढरे बाण उलटे टांगलेले दिसतील. रस्त्याची कड बर्फात बुजली की ती कुठे संपते हे चालकाला त्या बाणांवरून कळतं. रस्त्यावरच्या ट्रामच्या रुळांवरून पहाटे एक खास डबा फिरतो, त्याला बांबूच्या काड्यांचे मोठाले गोल कुंचे लावलेले असतात आणि ते गरगर फिरत रुळांवरचा बर्फ उडवतात. १९७१ साली, हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर सुरू झालेली भुयारी रेल्वे रबरी टायरांवर धावते आणि तिचा जमिनीवरून जाणारा भागही पूर्ण झाकलेला आहे. यजमानांना यंत्रांची, कामाच्या पद्धतींची आवड असेल तर रात्री उशिरा हॉटेलच्या खिडकीतून रस्ता बघायला सांगा. बर्फ उचलणारी यंत्रं आणि ट्रक यांची रांग लागते, आणि सकाळी रस्ता मोकळा. काश्मीरच्या सहलीत हे बघायला मिळत नाही.

आता तुमची भीती. थंडीला घाबरू नका. फेब्रुवारीत सापोरोत दिवसा पारा शून्याच्या आसपास असतो, रात्री उणे ६-७ आणि एखाद्या रात्री उणे १० च्या खाली. आकडे ऐकून छातीत धस्स होतं, पण घरं, दुकानं, गाड्या सगळं इतकं गरम ठेवलेलं असतं की आत गेल्यावर घाम फुटतो. म्हणून एकच जाडजूड कोट घेण्यापेक्षा थर घाला: अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. कानावर येणारी टोपी, हातमोजे, लोकरीचे पायमोजे. आत शिरलं की वरचा थर काढायचा, नाहीतर घामाने ओले झालेले कपडे बाहेर पडताच गार पडतात आणि खरी थंडी तेव्हा वाजते.

पडण्याची भीती मात्र खरी आहे, आणि ती बाळगा. सापोरोचे लोकही पडतात. ताज्या भुसभुशीत बर्फात पाय रुततो, तिथे धोका कमी. घात होतो तो पायांनी आणि चाकांनी दाबून दाबून आरशासारख्या झालेल्या बर्फावर. दुपारी थोडा वितळून रात्री पुन्हा गोठला की तो जास्तच निसरडा होतो, आणि त्यावर नवा पातळ थर पडला की दिसतही नाही. बसथांब्याजवळची जागा, टॅक्सी उभ्या राहतात तो कोपरा आणि रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे या तीन जागी विशेष जपा. पाऊल छोटं टाका, तळवा सपाट ठेवा, वजन किंचित पुढे, हात खिशाबाहेर. खांद्याला अडकवायची पिशवी नको, पाठीवरची घ्या.

तिथल्या चौकांत एक गोष्ट तुम्हाला दिसेल. कडेला एक पेटी असते. झाकण उघडलं की आत बारीक खडी भरलेल्या पिशव्या. मी पाहिलं ते असं: सिग्नलसाठी थांबलेल्या एका वयस्क बाईंनी शांतपणे पेटी उघडली, एक पिशवी काढली, पुढच्या चार पावलांपुरती खडी शिंपडली, रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवली आणि दिवा हिरवा होताच चालायला लागल्या. मागून येणारे आम्ही सगळे त्यांच्याच खडीवरून ओलांडलो. त्या पेट्या कोणीही वापराव्यात म्हणूनच ठेवलेल्या असतात. तुम्हीही उघडा, संकोच करू नका.

बुटांवर पैसे वाचवू नका. खोल खाचांचा मऊ रबरी तळ, पाणी आत न येणारा, घोट्याच्या वर येणारा बूट हवा. त्यावर चढवायचे काट्यांचे पट्टे सापोरोत स्टेशनवर, चोवीस तास उघड्या दुकानांतही मिळतात. पण दुकानात, स्टेशनात, हॉटेलात शिरताना ते काढायचे. गुळगुळीत फरशीवर काटे उलट घसरतात, आणि बाहेर सावध असलेला माणूस आत येऊन पडतो तो यामुळेच. हातात काठी असेल तर तिच्या टोकाला बसवायचा काटाही मिळतो, मुलाला आधी शोधून ठेवायला सांगा.

साडीचं मी स्पष्ट सांगते, राग मानू नका. बाहेर साडी नको. निऱ्यांची कड ओली होते, मग ती गोठते, आणि मुख्य म्हणजे स्वतःचं पाऊल स्वतःला दिसत नाही. थर्मलवर सैल पँट किंवा जाड सलवार, वर लांब जाकीट. त्यात अंग पुरेपूर झाकलेलं राहतं आणि तिथे तुमच्याकडे कोणी वळूनही बघणार नाही, कारण सगळ्याच बायका तशाच असतात. जायच्या आधी महिनाभर रोज संध्याकाळी रंकाळ्यावर त्याच बुटांत आणि त्याच पँटमध्ये फिरायला जा. बूट पायाला बसतील आणि कपड्यांचं अवघडलेपणही जाईल. एक साडी जरूर न्या, हॉटेलात संध्याकाळी नेसा.

आता बेत. मुक्काम एकच ठेवा, सापोरोत, आणि हॉटेल सापोरो स्टेशन किंवा हिमोत्सव भरतो त्या ओदोरी बागेच्या परिसरात, भुयारी वाटेच्या तोंडाशी. २०११ पासून स्टेशन ते ओदोरी अशी रुंद पादचारी वाट जमिनीखालून आहे, आणि ती पुढे भुयारी बाजारांना जोडलेली आहे. वर बर्फाचं वादळ चालू असताना खाली तुम्ही सपाट, कोरड्या फरशीवर, बाकांवर बसत-उठत हवं तितकं चालू शकता. तुमच्या गुडघ्यांसाठी ही वाट म्हणजे वरदान आहे. हॉटेल निवडताना खोली केवढी, नाश्ता कसला, हे सगळं मागाहून. लिफ्ट असलेला भुयाराचा दरवाजा किती पावलांवर, हे आधी.

हिमोत्सव फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठवडाभर असतो आणि साधारण ११ तारखेच्या सुमारास संपतो. तुमच्या तारखा त्याप्रमाणे अलीकडे घ्या. १९५० साली शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत बर्फाच्या सहा मूर्ती केल्या, तिथून तो सुरू झाला. आज चार-पाच मजली घराएवढ्या कलाकृती उभ्या राहतात आणि त्या घडवण्यात जपानच्या स्वसंरक्षण दलाचे जवानही असतात. बाग दीड किलोमीटर लांब आहे. पूर्ण चालायचा आग्रह धरू नका. सकाळी गर्दी होण्याआधी एक टोक बघा, दुपारी खोलीवर झोप काढा, आणि पाच वाजता अंधार पडला की दिव्यांत दुसरं टोक बघा. तिथला टीव्ही टॉवर बागेच्या पूर्व टोकाला आहे, त्याच्यावरून सगळा देखावा एका नजरेत येतो. चालवत नसेल त्या दिवशी तेवढंही पुरे.

ओतारू ठेवा. सापोरोहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत आहे आणि शेवटच्या टप्प्यात रूळ समुद्राला अगदी खेटून जातात. जाताना उजव्या हाताच्या खिडकीशी बसा. जुन्या गोदामांच्या कडेने १९२३ साली पुरा झालेला कालवा आहे, आणि फेब्रुवारीत काही दिवस संध्याकाळी तिथे पाण्यावर आणि बर्फात मेणबत्त्या लावतात. मात्र ओतारू चढउतारांचं गाव आहे. स्टेशनपासून कालव्यापर्यंतचा रस्ताच उताराचा, तेव्हा टॅक्सी करा.

फुरानो काढून टाका. त्याची ख्याती जुलैतल्या लव्हेंडरच्या शेतांची. हिवाळ्यात ते बर्फावर घसरायला जाणाऱ्यांचं ठिकाण आहे. हाकोदातेही काढा. गाव फार देखणं, तिथल्या डोंगरावरून दिसणारे रात्रीचे दिवे पाहण्यासारखेच, पण सापोरोहून आगगाडीने एका बाजूचे साडेतीन ते चार तास. तिथे टोकियोहून समुद्राखालच्या बोगद्यातून थेट बुलेट ट्रेनने जाता येतं, बुलेट ट्रेनच्या स्टेशनवरून पुढे थोडा लोकल गाडीचा प्रवास. ते पुढच्या खेपेला ठेवा, उन्हाळ्यात.

अबाशिरीबद्दल मी स्वतः पुष्कळ विचार केला. तिथला तरंगता बर्फ हे खरोखर आयुष्यात एकदा बघावं असं दृश्य आहे. ओखोत्स्क समुद्राच्या उत्तरेकडे तयार झालेले बर्फाचे तुकडे वारा आणि प्रवाहाबरोबर खाली येतात आणि जानेवारीच्या शेवटापासून होक्काइदोच्या किनाऱ्याला लागतात. बर्फ फोडत जाणारी प्रवासी बोट त्यांच्यातून फिरवून आणते आणि आत उबदार बसून खिडकीतूनही बघता येतं. पण अबाशिरी सापोरोपासून रेल्वेने पावणेचारशे किलोमीटर, म्हणजे जवळजवळ कोल्हापूर-मुंबई, आणि साडेपाच तासांच्या आसपास. शिवाय वारा फिरला तर त्या दिवशी बर्फ किनाऱ्यापासून लांब गेलेला असतो, आणि बोट रिकाम्या समुद्रावर फिरून येते. जायचंच असेल तर सापोरोहून अबाशिरीजवळच्या मेमानबेत्सू विमानतळापर्यंत विमानाने जा, तासाभराच्या आत पोचता, आणि तिथे एक मुक्काम करा. पण मग दुसरं काही लांबचं करायचं नाही. ठरवायचं तुम्ही. मुलाचं मन मोडू नये म्हणून होकार देऊ नका.

मला विचाराल तर अबाशिरीपेक्षा मी शिराओईला जाईन. सापोरोहून जलद गाडीने तासाभराच्या वाटेवर, पोरोतो तळ्याच्या काठी २०२० साली उघडलेलं उपोपोय हे ऐनू लोकांचं राष्ट्रीय संग्रहालय तिथे आहे. होक्काइदो हे नावच १८६९ चं. त्याआधी शतकानुशतकं ही ऐनूंची भूमी होती. जपानच्या तेव्हाच्या मेइजी सरकारने तिथे वसाहती वसवल्या, ऐनूंच्या जमिनी, त्यांची सॅल्मन मासेमारी, त्यांची शिकार, हळूहळू त्यांची भाषाही हिरावली गेली. जपानने कायद्याने त्यांना मूळ रहिवासी म्हणून मान्यता दिली ती २०१९ साली. सापोरोचे सरळ, चौकोनी आखलेले रस्ते बघताना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. तिथे ऐनूंचं नृत्य बघायला मिळतं, झाडाच्या सालीच्या धाग्यांचं कापड बघायला मिळतं, आणि बराचसा वेळ उबदार जागेत जातो. सोमवारी सहसा बंद असतं. त्याच दिशेला नोबोरिबेत्सूची गरम पाण्याची कुंडं आहेत, पण एका दिवसात दोन्ही करू नका.

गरम पाण्याचं म्हणाल तर सापोरोच्या हद्दीतच, बसने तासाभरावर जोझानकेई आहे. सार्वजनिक स्नानगृहात बायका-पुरुष वेगळे असतात, पण अंगावर कपडा ठेवायचा नसतो. ते नको वाटणं साहजिक आहे. काही हॉटेलांत कुटुंबापुरतं कुंड तासाच्या भाड्याने मिळतं, ते विचारून आरक्षित करायला सांगा. तेही नको असेल तर गावात पाय सोडून बसायची कुंडं आहेत. पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायची आणि आजूबाजूला बर्फ पडत असताना बसून राहायचं. यजमानांना रक्तदाबाचा त्रास असेल तर पूर्ण स्नानाआधी डॉक्टरांना विचारा.

गाडी नको. हा एक मुद्दा अजिबात सोडू नका. मुलगा टोकियोत गाडी चालवत असेल, पण टोकियोचा रस्ता आणि होक्काइदोचा गोठलेला रस्ता यांत काही साम्य नाही. वारा सुटला की पडलेला बर्फही उडतो आणि समोरची गाडी दिसेनाशी होते. रेल्वे, बस, टॅक्सी यांवर सगळं भागतं. मात्र रेल्वेही अडते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सापोरोच्या आसपासच्या गाड्या बर्फाने बंद पडल्या होत्या. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कुठेही लांब जायचं नाही, आणि सापोरोचं विमान व भारतात परतायचं विमान यांमध्ये टोकियोत किमान एक पूर्ण दिवस हवा. विमानतळाहून शहरात रेल्वेने चाळीस मिनिटांच्या आत येता. मोठ्या बॅगा तिथूनच कुरिअरने हॉटेलवर पाठवा. बर्फात बॅगेची चाकं फिरत नाहीत आणि दोन हातांनी बॅग ओढणारा माणूस हमखास पडतो.

खाण्याचं जरा अवघड आहे, खोटं सांगत नाही. भाजीच्या सूपमध्ये, आमटीसारख्या मिसोमध्ये, सॉसमध्येसुद्धा माशाचं पाणी असतं. सापोरोचा मिसो रामेन प्रसिद्ध, पण तो डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांच्या रसातला. सापोरोचंच सूप करी नावाचं तिखट, पातळ रश्श्याचं प्रकरण आहे, त्यात बटाटा, भोपळा, गाजर, वांगं असे मोठे तुकडे येतात आणि तिखटाची पातळी आपण निवडायची. मात्र रस्सा कशाचा हे विचारल्याशिवाय खाऊ नका, निव्वळ भाज्यांचा रस्सा ठेवणारी दुकानं मुलाने आधी हुडकावीत. मांस, मासे, कोंबडी, अंडं आणि माशाचं पाणी चालत नाही असं जपानीत लिहिलेला कागद दोघांच्याही खिशात हवा. होक्काइदोचं दूध, लोणी, बटाटे आणि मका अप्रतिम. लोणी घातलेला वाफाळता बटाटा ओदोरीच्या टपरीवर मिळतो, तो उभ्याने खा. शहरात भारतीय उपाहारगृहंही आहेत. खोलीत पाणी तापवायची किटली असते, तेव्हा भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा न्या. ताजी फळं-भाज्या नेऊ नका, जपानच्या विमानतळावर काढून घेतात.

औषधांचं विसरू नका. नेहमीच्या गोळ्या महिन्याच्या आत पुरतील एवढ्या, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. सर्दीच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांवर जपानमध्ये निर्बंध आहेत, त्या पिशवीत टाकण्याआधी चौकशी करा. प्रवास विमा घ्या, त्यात हाड मोडल्यास उपचार आणि आजारपणात परतीचा प्रवास धरलाय का हे वाचून घ्या. तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांना तारखा सांगा आणि बर्फात चालायचं आहे हे नेमकं सांगा. गुडघ्याचा पट्टा आणि मांडीचे व्यायाम ते आत्तापासून सुरू करतील.

हिमोत्सवाच्या आठवड्यात सापोरोतली चांगल्या जागेची हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात. व्हिसा, विमान यांच्या आधी मुलाला हॉटेल बघायला सांगा, रद्द करता येईल अशा अटीवर. आज रविवार आहे, तो घरी असेल. संध्याकाळी फोन कराच.